खोडरबर

हजेरीचं रजिस्टर माझ्याकडे असायचं.
सकाळी साडेसातला, सिंदेवाहीच्या रस्त्यावर,
उलट्या घमेल्यावर बसून मी एकेकाला नाव विचारायचो,
सगळी नावं पाठ असूनही.

रस्ता रुंद व्हायचा होता.
एकशे बारा झाडं, साल तासून पांढरे नंबर घातलेली.
झाडांची नोंद चोख:
जात, घेर, उंची, घनमीटर.
माणसांची नोंद माझ्या हातची.
बोबडे ठेकेदार म्हणायचे,
बाबू, पेन्सिलीनं लिवत जा. बरं असते.

पौषातला मंगळवार.
एकोणचाळीस नंबरचं करंज पडता पडता
चाळीस नंबरच्या चिंचेच्या बेचक्यात अडकलं.
ना आडवं, ना उभं.
सगळे मागे सरले.
सुकरू कोडापेनं मशीन बंद केली, वर पाहिलं,
आणि म्हणाला, जेसीबी येऊ द्या जी. हे वजनात हाये.

जेसीबी दुसऱ्या साइटवर होता. तासाचे बाराशे.
फोन मीच लावला, स्पीकरवर ठेवला.
खालचं कापा, वरचं आपोआप येते.
उद्या मोजणी हाये माह्यी.
एवढंच. मग टुंग असा आवाज.

दोर होता विहिरीचा, गाठी मारलेला.
हेल्मेट होती चार, बोलेरोच्या डिक्कीत,
पन्नीतून न काढलेली.
सुकरूनं अर्धा खर्रा गुंडाळला,
माझ्या रजिस्टरवर ठेवला.
ठेवा जी. आलोच.

मी काहीच म्हणालो नाही.
हे इथं लिहून ठेवतो, पेनानं.

चिंचेत अर्धी खाच गेली असेल नसेल,
वर काहीतरी करकरलं,
बैलगाडीचं जू वळताना करकरतं तसं,
आणि मग पुष्कळ वेळ
नुसता पाला खाली येत राहिला.

ठेकेदार संध्याकाळी आले.
त्यांनी खिशातून खोडरबर काढलं,
शाळेच्या पोरांचं, स्ट्रॉबेरीच्या वासाचं.
तो आज कामावर नव्हताच. सरपण न्याले आला असन.
खोड पडलं की खोडायचं;
आपल्या भाषेनं सोय करून ठेवली आहे.
मी नाव पुसलं. कागदाचा चुरा फुंकरून उडवला.
पंचनाम्यात आलं: आकस्मिक.
दुसऱ्या दिवशी चौघांनी हेल्मेट घालून फोटो काढला.
एकाच्या पट्ट्याला किमतीची चिठ्ठी लोंबत होती.

तेराव्यानंतर सोमीबाई माझ्या दारात.
तीस हजार भेटले, अंगठा देल्ला, म्हणाली.
मले ते नाही पाहिजे.
मले त्या मंगळवारची हजेरी पाहिजे.
साडेचारशे रुपये.
अर्धाच दिवस धरा, सव्वादोनशे द्या.
पन तो कामावर होता म्हना.

मी आत गेलो, रजिस्टर काढलं.
सातव्या ओळीत नाव नाही.
नावाच्या जागी एक तेलकट, पिवळा डाग,
चुना, सुपारी,
दुपारसाठी राखलेला अर्धा खर्रा.
खोडरबरानं तो जात नाही. मी पाहिलं होतं करून.

चैतात तारीख लागली, चंद्रपूरला, कामगार कचेरीत.
सकाळची बस. सोमीबाई पुढच्या सीटवर,
मी मागे, पिशवीत रजिस्टर, खिशात पेन.
ती बोलली नाही. मीही नाही.
रस्ता खरंच रुंद झालाय.
दोन्हीकडून ऊन सरळ मांडीवर येतं.

आणि तेवढ्यात चाळीस नंबर.
उभंच आहे अजून. त्या दिवसानंतर
कुणी हात लावला नाही, ना कुणी दोरी बांधली,
ना पाटी. बुंध्यात अर्धी खाच, वर पालवी,
आणि खाली पाच-सहा पोरं
दप्तरं टाकून चिंचा वेचताहेत.

थांबवा, मी ओरडलो.
कंडक्टर म्हणाला, इथं स्टॉप नाही.
थांबवा म्हणतो ना.

उतरताना रजिस्टर सोमीबाईच्या मांडीवर ठेवलं.
सातवी ओळ, म्हणालो. मी मागच्या गाडीनं येतो.
आणि पोरांकडे पळत सुटलो,
आवाज चढवून,
जसा पौषातच चढवायला हवा होता.